कडुनिंबावरचा पारा

दुपारचे दोन वाजले की वैरागडे काकाजी अंगणात यायचे. कडुनिंबाच्या खोडाला टांगलेल्या थर्मामीटरपाशी चष्मा कपाळावर चढवून उभे राहायचे आणि सगळ्या लेआउटला, म्हणजे आमच्या अख्ख्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा पुकारायचे, स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसा. मग आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीकडे वळून म्हणायचे, "ऐकलं ना मास्तरीणबाई? मागच्या साली होता तेवढाच आहे. कुठं तापून राहिली तुमची धरती?"

मी शाळेत भूगोल शिकवते. नवतप्याचे दिवस म्हणजे आमच्याकडे मे संपता संपताचे ते भाजून काढणारे दिवस. त्या दिवसांत भर दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. पण या माणसाने मला वर्षानुवर्षं जेवणावरून उठवून भिंतीपाशी आणलं. मी म्हणायची, "काकाजी, पेपरात आकडा जास्त आहे." ते म्हणायचे, "पेपरवाल्यायले पेपर विकाचा असते वं. माह्या थर्मामीटरले काय विकाचं आहे?" थर्मामीटर खरा होता, सदर बाजारातल्या चांगल्या दुकानातून आणलेला, आणि त्यातला पारा पेपरातल्या आकड्याच्या खालीच असायचा. मी म्हणायची की झाडाच्या सावलीत आहे म्हणून. ते म्हणायचे, "झाड का काल लावलं? दरसाली त्याच झाडाखाली पाहून राहिलो ना मी?"

काकाजींचा सगळा जन्म कोळशाच्या खाणींत गेला. सर्व्हेअर होते. उमरेड, वणी, चंद्रपूर, जिथे जिथे कोळसा तिथे तिथे त्यांची बदली. त्यांच्या खिडकीत एक काळा पाटीसारखा दगड असायचा, त्यावर पानाचा ठसा, शिरांसकट. आल्यागेल्याला तो हातात द्यायचे. "हे पान ज्या झाडाचं, ते झाड उभं होतं तवा माणूसच नव्हता. मोटार नाई, कारखाना नाई. तरी हवा बदललीच ना? धरती म्हातारी आहे. तिले ताप येते, ताप जाते. आपण कोण लागून गेलो?" हे शेवटचं वाक्य तर त्यांचं ठरलेलंच. पाणी नाही आलं, वीज गेली, मुलगा पुण्याहून सणाला आला नाही, सगळ्यावर उत्तर एकच, आपण कोण लागून गेलो.

आमच्या लेआउटच्या वाचनालयात दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वादसभा होते. एका वर्षी विषय होता, धरती तापतेय त्याला माणूस जबाबदार आहे का. मी तक्ते घेऊन गेले. धूर, कोळसा, समुद्र, बर्फ, सगळं नीट मांडलं. काकाजी खिशात तो दगड घालून आले. उभे राहून म्हणाले, "चंद्रपूरकडे इरईच्या बाजूले बर्फानं घासलेले खडक आहेत. मी सोता पाह्यलेत. आपल्या इदर्भात बर्फ होता, आनि मंग तो गेला. आता मले सांगा, तवा फ्रीजचं दार कोणं उघडं ठेवलं होतं?" सभेत हशा पिकला. माझ्याच वर्गातल्या मुलांचे पालक टाळ्या पिटत होते. मी माझे तक्ते गुंडाळले आणि दात-ओठ खात घरी आले.

मागोमाग काकाजींची बायको, सुमनकाकू, भिंतीवरून पन्ह्याचा गिलास घेऊन हजर. काकाजी जिंकोत की मी, पन्हं दोघांनाही मिळायचं. बारीकशी बाई, नऊवारीचा पदर डोक्यावर, आवाज असा की दोन हातांवरूनही ऐकू येऊ नये. म्हणाली, "रागावू नोको वं. त्यायले जिंकू देत जा. पारा चढला ना, का ते जेवत नाईत. खिडकीत बसून राह्यतात तो दगड मांडीवर घेऊन." मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे, हरायला नको असतं, दुसरं काय!

काकूंचीही एक तऱ्हा होती. भर दुपारी, जेवणं आटोपली आणि काकाजी कूलरसमोर आडवे झाले, की ही बाई अंगणात चादर धुवायची. मग कडुनिंबाखाली बादलीभर पाण्याचा सडा मारायची आणि ती निथळती चादर झाडाजवळच्या दोरीवर टाकायची. मी एकदा ओरडलेसुद्धा. "काकू, काही अक्कल? या उन्हात काहून धुता? सकाळी काय झालं?" तर हसून म्हणाली, "उन्हात लवकर वाळते वं." हे ऐकून मी कपाळावर हात मारला आणि आत गेले. म्हाताऱ्या माणसांना कोण समजावणार!

मागच्या वर्षीचा नवतपा वेगळाच होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कूलरमधून येणारी हवासुद्धा कोमट लागायची. त्यातल्याच एका दुपारी मी भांडी आवरत होते आणि पलीकडून बादली पडल्याचा खणखणाट झाला. मागोमाग काहीच आवाज नाही. मी भिंतीवरून डोकावले.

काकू कडुनिंबाखाली पडलेल्या होत्या. मी भिंत कशी ओलांडली ते मला आजही सांगता येत नाही. अंगाला हात लावला तर तव्यावर हात ठेवल्यासारखं झालं. चेहरा लालबुंद, आणि घामाचा थेंब नाही. चादर अर्धी दोरीवर, अर्धी मातीत. मी "काकाजी, काकाजी" म्हणून बोंब ठोकली. तेवढ्यात काकूंनी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "चादर नीट पसरव वं. दोन वाजाले आले. ते येतीन." मला वाटलं, बाई बरळते आहे.

काकाजी आले. दारातून बाहेर पडताच त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि नजर आधी थर्मामीटरकडे गेली. इतक्या वर्षांची सवय ती! त्यानंतर ती खाली आली, जिथे त्यांची बायको पडली होती. एका क्षणाचीच ती गोष्ट. मी पाहिली, आणि मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.

दवाखान्यात खाटा कमी पडत होत्या, इतकी माणसं उन्हाने आडवी झालेली. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं. काकाजी सारखे काकूंचा हात उलटा-पालटा करून विचारत होते, "हिले घाम काहून नाई येऊन राहिला? हिले घाम काहून नाई येऊन राहिला?" उजेड होता तोवरच काकू गेल्या. जिने काल मला भिंतीवरून कैरीचं लोणचं दिलं होतं ती बाई आज नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. घरी येऊन मी त्या लोणच्याच्या वाटीकडे बघत बसले.

तेरवी झाली. चादर नीट पसरव, हे काकूंचं शेवटचं बोलणं मी त्या दिवसांत काकाजींना सांगितलं होतं. पाऊस अजून यायचा होता. एका दुपारी काकाजींनी भिंतीवरून हाक मारली. आवाज इतका हळू की मी ओळखलाच नाही. "मास्तरीण, इकडे ये. माह्या डोयाले पाणी येते. तू वाच."

मी गेले. दोरी रिकामी होती. माती सुकून भेगाळलेली. मी थर्मामीटर वाचला आणि आकडा सांगितला. तो पेपरातल्या आकड्याला जाऊन भिडलेला होता. काकाजींनी बादली भरून आणली, कडुनिंबाखाली सडा मारला. चादर स्वतःच्या हाताने भिजवली, न पिळता दोरीवर टाकली. मग आम्ही दोघं झाडाच्या बुंध्याशी उभे राहिलो. चादरीतून गार वारा अंगाला लागत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता वाच."

पारा उतरला होता. माझ्या डोळ्यांसमोर उतरला होता. अरे देवा! म्हणजे इतकी वर्षं मी ज्या आकड्याशी भांडत होते तो धरतीचा नव्हताच. तो या बाईच्या चादरीचा होता. आणि आम्हा दोघांना रोज डोळ्यांसमोर असून ती दिसली नाही. बायकांनी धुतलेलं कापड कोण बघतो? काकाजी कडुनिंबाला धरून उभे राहिले. मी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

यंदा वादसभेला वाचनालयाने पुन्हा तोच विषय ठेवला. मला वाटलं, काकाजी येणार नाहीत. पुण्याचा मुलगा त्यांना न्यायला आला होता, सामान बांधलेलं होतं. पण ते आले. टेबलावर त्यांनी खिशातला दगड ठेवला आणि बगलेतली घडी केलेली चादर त्याच्या शेजारी ठेवली. लोक आधीच हसायला लागले होते. काकाजी म्हणजे काहीतरी गंमत असणार, अशी सवयच होती ना!

काकाजी बोलले ते असं. "मी जल्मभर कोयसा काढला. त्याच्यावर घर चाललं, पोरगं शिकलं. लोक म्हनाले, त्याच कोयशानं धरती तापली. मले भेव वाटलं. म्हनून मी थर्मामीटर लावला, का बा, हे खोटं निघू दे. एका साली पारा लय चढला. मी सुमनले विचारलं, मी जल्मभर पापच केलं काय वं? ते काई बोलली नाई. दुसऱ्या दिवसापासून चादर धुवाले लागली."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. हे मला त्यांनी त्या दुपारीही सांगितलं नव्हतं.

काकाजींनी चादरीवर हात ठेवला. "आपण कोण लागून गेलो, मी म्हनत होतो. एका म्हातारीनं एका बादलीत माह्या आंगनाची हवा बदलवली, मले कळूही देलं नाई. तं आपन सारे मिळून धरतीची बदलवली, याच्यात नवल काय? मास्तरीणबाईनं सांगतलं ते खरं आहे. मी आजपर्यंत जे बोललो ते सुमनच्या चादरीवर बोललो."

ते खाली बसायला वळले. मागच्या रांगेतून कोणीतरी, जुन्या सवयीनेच असेल, हसून ओरडलं, "म्हंजे काकाजी, यंदा तुमी हारले म्हना!"

काकाजी थांबले. चादर उचलून त्यांनी पुन्हा बगलेत घेतली.

"हारलो नाई गा," ते म्हणाले, "जिंकवनारी गेली."