धुराचा आडोसा

लताबाई धुळ्याकडच्या, लग्न होऊन जळगावात आलेल्या. आमच्या शेजारीच त्यांचं भरिताचं दुकान. थंडी पडली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची आणि बडगी नावाच्या खोलगट लाकडी भांड्यात ठेचायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा धंदा. त्या धुराने त्यांना दमा लागला. डॉक्टरांनी भट्टीपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा त्यांचा नववीतला स्वप्नील म्हणाला, वांगी मी भाजतो. गल्लीने त्याचं इतकं कौतुक केलं की आमच्या घरी मला दोन वेळचं जेवण टोमण्यांसकट मिळायला लागलं.

मग त्याचे वर्गमित्रही मदतीला येऊ लागले. घरी स्वतःचं ताट न उचलणारी ही मंडळी दुकानामागे काड्या मोडत बसायची. पहिली सिगारेट त्यांच्यातल्या समाधानने आणली. एकीत चौघं, ठसका लागेल तो 'बाळ'. स्वप्नीलला तेवढं व्हायचं नव्हतं. माचिस लागत नव्हती आणि वासाचं उत्तर तयार होतं: भट्टीवर होतो.

परवा काड्यांची गाडी आली नाही. दुकान बंद. मी डबा परत द्यायला गेलो, तेवढ्यात स्वप्नील क्लासहून आला. लताबाई त्याची कॉलर सरळ करायला गेल्या आणि हात तिथेच थांबला.

"कसाना वास शे हाऊ?"

"भट्टीवर होतो ना, आई." सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आज भट्टी पेटनी नही, भाऊ."

मी डब्याचं झाकण निरखत राहिलो. स्वप्नीलने डोळे मिटून घेतले. गालावर थप्पड बसणार हे आम्ही दोघांनीही गृहीत धरलं होतं. बसली नाही. त्या पाणी प्यायल्या आणि आत गेल्या.

काल काड्या आल्या. स्वप्नील मागे गेला तर भट्टीसमोर आई, नाकाला पदर बांधलेला. त्याने चिमटा मागितला, डॉक्टरांच्या सांगण्याची आठवण करून दिली.

"तू धूरमा लपस," त्या म्हणाल्या. "तो धूर आते मालेच ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या घाण्यालाच खोकला सुरू झाला. थांबेना. कोपऱ्यावरून समाधानची शिट्टी आली, मग आणखी एक, मग 'ए बाळ' अशी हाक. स्वप्नीलने मान वळवली नाही. त्याने चिमट्याचं एक टोक धरलं.

लताबाईंनी दुसरं सोडलं नाही. वांगी एका अंगाने जळत होती.