थंड खोलीत ठेवलेली वीट

उंदराला दारू टोचली की तो आधी थोडा धावतो, मग थबकतो, मग त्याचं अंग गार पडत जातं. हे मी कुठं वाचलेलं नाही. माझी शाळा सातवीतच सुटली. हर्सूलहून सकाळी रिक्षानं कॉलेजात यायचं, प्राण्यांच्या खोल्या झाडायच्या, पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, हे माझं काम. गाव किनवटच्याही पुढं. जायला अख्खा दिवस मोडतो, म्हणून जाणं होत नाही.

हे प्रयोग पीएचडी करणाऱ्या मॅडमचे. वयानं माझ्याहून लहान, पण सगळ्यांसारखी मला मावशीच म्हणते. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तिनंच भरून दिला, आणि दुपारी डबा खाता खाता ती मला बीजगणित शिकवते. इतकं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. त्यामुळं भीतीही तिचीच वाटते. आज ना उद्या माझ्या हातून काहीतरी बिघडेल आणि हे सगळं जाईल, असं सारखं वाटत राहतं.

"बरं वाटलं का वाईट, हे उंदीर तोंडानं सांगत नाही ना मावशी," ती म्हणाली होती, "म्हणून हा खोका." खोक्याला दोन बाजू. एकीकडं जाळीची जमीन, दुसरीकडं सळयांची. दारू टोचली की जाळीवर ठेवायचं, नुसतं मिठाचं पाणी टोचलं की सळयांवर. असं काही दिवस. मग एक दिवस काहीच न टोचता मधली फळी काढायची आणि बघायचं, तो कुठं जाऊन बसतो. एक गट गरम खोलीत, एक थंड खोलीत. थंडीत दारूनं अंग जास्त गार पडतं, त्यामुळं थंड खोलीतले उंदीर जाळी टाळतील, असा तिचा अंदाज होता.

थंड खोलीत मला स्वेटर घालूनही हुडहुडी भरायची. उंदरांना टोचून, खोक्यांत ठेवून मॅडम पलीकडच्या गरम खोलीत जायची. मी एकटी उरायची. झाकणातून बघितलं तर काही जण पाय फाकवून पडलेले, हात लावला तर पोटही थंड. आमच्याकडं थंडीत शेळी व्याली की चुलीत वीट तापवतात, गोणपाटात गुंडाळून पिलाच्या अंगाशी ठेवतात. मला दुसरं काय सुचणार? बाटल्यांचं पाणी तापवायच्या शेगडीवर मी दाराला टेकू लावलेली वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि सगळ्यात मलूल उंदराच्या जाळीखाली सरकवली. थोड्या वेळानं त्यानं मान उचलली. मला लई बरं वाटलं. मग आणखी दोघांना दिली. मॅडम यायच्या आत वीट परत दाराशी. दारू टोचायच्या प्रत्येक दिवशी त्याच तिघांना अशीच दिली.

शेवटच्या दिवशी फळ्या निघाल्या. बाकीचे जाळीपासून लांब, सळयांवर गोळा होऊन बसले. ते तिघं सरळ जाळीवर गेले. तिथंही एकाच कोपऱ्यात, पोट टेकवून. त्यातला एक नाकानं जाळी उकरत राहिला, थांबेचना. खाली काय असायचं ते मला ठाऊक होतं.

"असं कसं?" मॅडम पुटपुटली. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा फुललेला. "मावशी, हे काहीतरी वेगळंच निघतंय. सोमवारी माझ्या गाईड सरांना दाखवते."

संध्याकाळी गेटवरच्या चाचांनी नेहमीसारखं चिडवलं, "क्या मावशी, आज कित्ते टल्ली हुए?" मी हसले नाही, तसं त्यांनी विचारलं, आणि मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "चुप बैठनेका. चूहा गवाही देता क्या?"

दोन दिवस गप्प बसले. शनिवारी डब्याच्या वेळी तिनं वही उघडली आणि मी सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. "कोणकोणते?" एवढंच म्हणाली.

"शेपटीवर एक रेघ, तीन रेघा, आणि तो पाचवाला."

तिनं लिहून घेतलं.

"मला वाटलं, गारठून मरतील."

"मरत नाहीत मावशी. मोजून देते मी." तिनं वही मिटली. "पूर्ण गटाचा प्रयोग पुन्हा करावा लागणार."

"हेच उंदीर घेऊन?"

"हे आता शिकलेत. नवीन लागतील. यांचं काम संपलं."

काम संपलं म्हणजे काय ते मला विचारावं लागत नाही. ज्यात गॅस देऊन त्यांना मारतात, ती काचेची पेटी मीच धुते.

सोमवारी सरांना तिनं सांगितलं की खोली सोडून जायला नको होतं, चूक तिची. माझी नोकरी राहिली. बीजगणितही चालू आहे. पुढच्या आठवड्यात नवीन उंदीर आले, आधीच्याइतकेच. मी दया केली नसती तर यांना ही थंडी बघावी लागली नसती.

आता टोचून झालं की मॅडम कुठं जात नाही. स्टूल ओढून दाराजवळ बसते, वेळ संपेपर्यंत. मी भिंतीला लागून उभी असते. खोक्यांतली खुडबूड हळूहळू कमी होते, मग थांबते. ती घड्याळाकडं बघते, आणि अधूनमधून माझ्या हातांकडं.