नाव घातलेली भांडी

नर्मदाबाईंना झरीत कोणी कधी प्रेमळ म्हटलं नाही, आणि तसं म्हणवून घ्यायची त्यांनाही हौस नव्हती. झालेला अपमान त्या लोणच्यासारखा मुरवत ठेवायच्या. नवरा उद्धव जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होता. तो शहाऐंशीच्या उन्हाळ्यात वारला, आणि तेव्हापासून थोरले दीर दिनकरराव घरात यायचे ते हुकूम घेऊनच. शेवटचा हुकूम हेमाच्या लग्नाचा होता. पोरगी पंधराची, नववीत. नवरदेव येलदरीकडचा, बिजवर, पस्तिशी ओलांडलेला, आणि दिनकररावांचा ट्रॅक्टरच्या धंद्यातला भागीदार. तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा, असं ठरवून दिनकरराव मोकळे झाले. पोरीच्या आईला कोणी विचारलं नाही.

मग नर्मदाबाईंनीही कोणाला विचारलं नाही. परभणीला जाऊन त्यांनी एक खोली बघितली, जुनं शिलाई मशीन बघितलं, हेमाच्या शाळेचीही चौकशी केली. या सगळ्याला लागणारा पैसा घरात एकाच ठिकाणी होता, भांड्यांत. लग्नात आलेली, बारशाला आलेली, वास्तूला आलेली पितळेची आणि तांब्याची भांडी माळ्यावर खच्चून भरली होती. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सगळी मांडून विकायची, असं त्यांनी ठरवलं.

दिनकररावांना कुणकुण लागायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी ते घरोघर फिरले. विधवेच्या हातचं भांडं घरात आणाल तर आमचा तुमचा संबंध संपला, असं प्रत्येकाला बजावून आले. माणूस नीच असला तरी गावात त्याचा दाब होता, हे कबूल करायला पाहिजे.

सकाळी दहापर्यंत एक कुत्रं सोडून शेडकडे कोणी फिरकलं नाही. बाजाराला निघालेली माणसं मान खाली घालून पुढं जायची. नर्मदाबाई पोत्यावर बसून हे बघत होत्या आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करत होत्या. अन् मग त्यांचं लक्ष समोरच्या परातीवर गेलं. आहेराच्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्यानं मोठ्या हौसेनं आपलं नाव घालून घेतलं होतं. वस्तू हलकी असली तर नाव जरा जास्तच मोठं. त्यांनी उठून एकूण एक भांडं फिरवलं, नावं रस्त्याकडे केली, आणि हेमाला मोठ्यानं वाचायला लावलं.

पहिली परात गावातल्याच व्यंकटरावांची निघाली. जड परात दिली म्हणून या गृहस्थानं अख्ख्या मांडवात मिरवून घेतलं होतं. परगावच्या एका बाईनं ती दोन बोटांनी उचलली, आणि बघणारे खो खो हसले. पुढं सरजाबाईंची पाच पातेली वाचली गेली. त्यातल्या दोन पातेल्यांना आहेराच्या दिवसापासूनच गळतीवर डाग दिलेला होता. हेमाचा आवाज खणखणीत होता, आणि बाजारचा रस्ता आता चांगला भरला होता.

तासाभरात व्यंकटरावांचा सालगडी धापा टाकत आला. त्याच्यामागं सरजाबाई स्वतः आल्या, लाल झालेल्या. आपलं नाव असं उकिरड्यावर मांडल्यागत मांडलंस, लाज कशी वाटली न्हाई, असं बरंच बोलल्या. नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं आणि पातेल्यांचा भाव दुप्पट सांगितला. सरजाबाई आणखी भडकल्या तेव्हा नर्मदाबाई म्हणाल्या, "नाव तुमचं हाय. भाव माझा हाय."

सरजाबाईंनी पैसे आपटले आणि पातेली पदराखाली झाकून नेली. मग रांगच लागली. गुपचूप येणारे, शिव्या देत येणारे, पोराला पाठवणारे. दिनकररावांचा शब्द मोडायची भीती सगळ्यांना होती, पण परक्याच्या हातात आपल्या नावाचं हसं करून घ्यायला कोणी तयार नव्हतं. उन्हं कलायच्या आत शेड रिकामं झालं. खोलीचं आणि मशीनचं जमून वर उरलं. शेवटी राहिला फक्त एक पितळी हंडा. त्यावर ठसठशीत नाव होतं दिनकररावांचंच.

ते आले, बरोबर चार माणसं आणि मागं बायको चतुराबाई. हंडा घराण्याचा आहे, तो विकायचा हिला हक्क नाही, आणि पोरगीही घराण्याची आहे, ती गावाबाहेर जाणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माणसाला हंडा उचलायची खूण केली.

नर्मदाबाई आडव्या आल्या नाहीत. त्या हेमाला फक्त एवढंच म्हणाल्या, "काठाच्या आतल्या अंगाला काय लिव्हलंय, तेवढं वाच."

हेमानं हंडा तिरपा केला. अक्षरं घासून काढलेली होती, पण नीट गेली नव्हती. तिनं अडखळत वाचलं, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी चतुरा हिस, वडील लिंबाजी यांजकडून."

चतुराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांच्या आंदणातला हंडा नवं बूड बसवायला म्हणून दिनकररावांनी परभणीला नेला होता, आणि तांबटानं पळवला असं येऊन सांगितलं होतं. त्याच सालात धाकट्या भावाच्या, उद्धवच्या, लग्नात त्यांनी हंड्याचा मोठा आहेर केला म्हणून गावात वाहवा झाली होती. चतुराबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. नवऱ्यानं नजर खाली वळवली.

"बैल इकून घेतला व्हता बापानं," त्या हळूच म्हणाल्या. "मीच फुकून टाकला म्हणला. मरस्तोवर बोलला न्हाई माझ्याशी."

मग त्या नर्मदाबाईंकडे वळल्या. "तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"कवापासून?"

नर्मदाबाईंना खोटं बोलता आलं असतं. "हेमाच्या बारशाला घासताना दिसलं. ह्यांनी शपथ घातली, भावाची अब्रू जाईल म्हणून."

"माझा बाप सहा वर्सांमागं मेला," चतुराबाई म्हणाल्या. "त्याच्या आदी नऊ वर्सं तुझ्या तोंडात जीभ व्हती."

चतुराबाईंनी हंडा कमरेवर घेतला. जाताना त्या थांबल्या. "पोरीला घिऊन उद्या सकाळी जा. हा आडवा येणार न्हाई, ते मी बघते. पर मी जित्ती हाय तवर तुझं काळं तोंड मला दावू नको."

दुसऱ्या दिवशी खरंच कोणी आडवं आलं नाही. पोहोचवायलाही कोणी आलं नाही. एसटी गावाबाहेर पडल्यावर हेमानं विचारलं, "आई, तू मोठ्या मायला हंड्याचं आधी का सांगितलं न्हाईस?"

नर्मदाबाईंनी तिला तिकिटं नीट धरून ठेवायला सांगितलं.