वाचता येत नाही म्हणून

"चदुवु!" तपासणाऱ्या माणसानं भिंतीवरच्या तक्त्यावर छडी आपटली. वाच.

स्टुलावर माझी माय. एका डोळ्यावर तळहात. तक्त्यावर तेलुगू अक्षरं. मायला एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

जैनथकडच्या आमच्या गावात, शाळेतच डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात. टेबलाशी आमचे हेडमास्तर नावं लिहीत होते. ते मराठी, वरच्या आळीतले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बौद्धवाड्यातली हाय. सात पिढ्यांनी अक्षर पाह्यलं नाही, आता ही वाचून दाखवते!"

रांग हसली.

मी सहावीत होते. त्याच शाळेत. मला तेलुगू वाचता यायचं. पण मी खिडकीकडे सरकले. ही बाई माझी कोणी नाही, अशी उभी राहिले. माय डोळे न तपासताच स्टुलावरून उठली.

मायला शुगर होती. डोळे तपासत जा, नाहीतर जातील, असं आदिलाबादच्या डॉक्टरनं बजावलं होतं. आठ दिवस ती भेदरलेली. सुई टोचतील का, डोळा काढतील का. त्या दिवशी ती भीती गेली. त्या स्टुलाची भीती बसली.

"माय, चाल ना दवाखान्यात," मी पुढं कितीदा म्हटलं.

"मले दिसून राह्यलं. काऊन मांगं लागली व?"

दिसत नव्हतं. कापूस वेचून यायची ती बोटं रक्ताळून. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. मला मंडल कचेरीत नोकरी लागली, तेव्हा ऑर्डरचा कागद तिनं नुसता चाचपला. "तुहं नाव कुठं हाय?" मी तिचं बोट नावावर ठेवलं.

माय गेली. चाळिशीत मलाही शुगर निघाली. तीन वर्षं मी डोळे दाखवले नाहीत. शिकलेली असून. स्टूल आठवलं की निघालेली मी परत फिरायचे.

अक्षरं पुसट दिसायला लागली, तेव्हा दवाखान्यात गेले. माझ्यापुढं एक म्हातारी होती. तपासणारी मुलगी तिला म्हणाली, "पढना नहीं आता? कल किसी को लेके आना."

म्हातारी उठायला लागली. मी तिचा खांदा धरून तिला बसवलं.

"ती वाचायला नाही आली. डोळे तपासायला आली. तपासा."

मुलीनं आठ्या घातल्या. मग खिळ्यावरून तक्ता काढला आणि उलटा केला. मागं अक्षरं नव्हती. तीन दांड्यांची, इंग्रजी ‘ई’सारखी एकच खूण, कधी वर तोंड, कधी खाली, कधी बाजूला. दांड्या कुठं वळल्या, ते हातानं दाखवायचं. म्हातारीनं पटपट दाखवलं.

मी बघत राहिले. एवढंच होतं. एवढंच कोणी माझ्या मायसाठी केलं नाही. मीसुद्धा तोंड उघडलं नाही.

माझ्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले. डॉक्टर म्हणाले, आता चुकवू नका, येत राहा.

येईन. आमच्या वस्तीत शुगरच्या सात बाया आहेत. सगळ्या भितात. एकीलाही वाचता येत नाही. सातही जणींना घेऊन येईन. तपासणी झाल्याशिवाय एकही उठणार नाही.