न्गोंगच्या टेकडीवरची ओ

प्रल्हाद गेल्याची बातमी मला त्याच्याच नंबरवरून आली. रविवार होता. सेनगावच्या घरी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. रविवारी अंधार पडल्यावर नैरोबीहून त्याचा फोन यायचाच, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "काय रे, सिंहानं आज बी सोडलं का तुला?" पलीकडे कुणी हसलं नाही. मग एक अनोळखी माणूस हिंदीत सांगू लागला की प्रल्हादभाई डोंगरावर चालता चालता खाली बसले आणि उठलेच नाहीत... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना होत आला. माझं ते वाक्य मात्र ओट्यावरच राहून गेल्यासारखं वाटतं. हल्ली चहा मी आत बसून घेतो.

प्रल्हाद साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा, मी गावातला, शाळेपासूनची दोस्ती. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथे घातलेले. त्यामुळे बोअरवेलच्या कंपनीनं त्याला मशीन चालवायला आफ्रिकेला नेलं तेव्हा तांड्यावर फारशी रडारड झाली नाही. त्याचे वडील, रामधन काका, एवढंच म्हणाले, "आमची माणसं जातच असतात. हाकेला ओ तेवढी देत जाय." ही ओ म्हणजे त्यांच्या घरचा रिवाज. दिवेलागणीला काका तांड्याच्या कडेच्या बांधावर उभे राहून लांब हाक घालत, आणि गुरांमागं असलेल्यानं माळावरून ओ द्यायची. ओ आली म्हणजे माणूस धड आहे. ती आल्याशिवाय हाक घालणाऱ्यानं बांध सोडायचा नाही. लहानपणी प्रल्हाद कबड्डीत रमला की त्याची ओ मी द्यायचो, आणि काका लांबूनच ओरडायचे, "हा गळा आमच्या लेकराचा न्हाई. त्याला बोलव." मला त्यांना एकदाही फसवता आलं नाही.

नैरोबीत त्याला हिंडायचं वेड लागलं. आधी कंपनीतल्या गुजराती मंडळींबरोबर क्रिकेट, ते काही जमलं नाही. मग सकाळचं पळणं. तिथं शाळेची पोरं दप्तरासकट त्याला मागं टाकून जात. "हसत जातात लेकाची, दम बी लागत न्हाई," तो कौतुकानं सांगायचा. मग शहराला लागूनच असलेलं अभयारण्य. उंच इमारतींच्या पुढ्यात जिराफ चरतात, हे फोटो पाहूनही काकांना पटेना. "सिंहाला कसं कळतं, शहर कुठं लागतं?" असं त्यांनी फोनवर विचारलं. प्रल्हाद म्हणाला, "तीन अंगाला कुंपण हाये, बा. चौथं मोकळं." काका म्हणाले, "मंग कुंपणात तुमीच हायेत म्हण की." गाडीतून उतरायचं नाही, काच खाली करायची नाही, हा तिथला नियम गुरांत वाढलेल्या माणसाला फार जाचायचा. एकदा रानम्हशींचा कळप वाट अडवून उभा राहिला. म्हैस ती म्हैसच, असं म्हणत या पठ्ठ्यानं काच खाली केली आणि घरची हाक घातली. कळपातल्या एकीनं मान वर केली आणि ती सरळ गाडीकडं चालत आली. ड्रायव्हरनं गाडी मागं घेत त्याला काय काय सुनावलं, ते भाषा येत नसूनही त्याला नीट समजलं. हे सगळं तो हसत सांगत होता. शेवटी मात्र आवाज उतरला. "ओळख असल्यावानी आली रे ती. मला भ्या वाटलं."

पुढं शहराबाहेरच्या न्गोंग टेकड्या सापडल्या आणि रविवार त्यांचाच झाला. वर कड्यावर पवनचक्क्या, खाली उतारावर मसाई लोकांची गुरं. तिथं दुपार कलते तेव्हा आपल्याकडं दिवेलागण असते. तो बरोबर त्या वेळी कड्याच्या टोकाला जाऊन मोठ्यानं ओ द्यायचा. बरोबरचे हसायचे. "बा तिकडं हाक घालून राहिला असंल," म्हणायचा, "त्याला घरी जायचं असतं." आणि इकडं काका खरंच रविवार तेवढा न चुकता बांधावर उभे राहत. नंतर फोनवर म्हणत, "आली बरं का ओ." म्हाताऱ्याची माया, असं आम्ही धरून चालायचो.

तो गेला त्या रविवारी त्यानं पहिल्यांदाच त्या वेळचं रेकॉर्डिंग करून मला पाठवलं होतं. बातमीच्या आधीच आलेलं, न ऐकलेलं. तेरावं होईपर्यंत मला धीर झाला नाही. ऐकलं तर आधी नुसता वारा... मग प्रल्हाद. पण ती ओ नव्हती. हाक होती, काका घालतात तशी लांब. पुन्हा वारा. आणि मग खूप खालून कुणीतरी दिलेली ओ. शेवटी त्याचा हळू आवाज, "ऐकलं का रे?" बातमी देणाऱ्या त्याच्या सोबत्याला मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी धुकं होतं, खाली एकही गुराखी नव्हता.

काकांना ते ऐकवलं. मान खाली घालून त्यांनी ऐकलं. म्हणाले, "हा माझा गळा."

"काका, तुमी तर इथं व्हते."

"इथंच व्हतो. मी हाक घालायच्या आधी त्याचीच आली. मी ओ दिली." मग म्हणाले, "त्यानं हाक घातली तवाच मला समजलं, आता तो यायचा न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. ते रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही, आणि पुन्हा लावलेलंही नाही.

त्या दिवसापासून काका रोज बांधावर जाऊ लागले. हाक घालायची आणि उभं राहायचं. ओ येत नाही, म्हणून बांध सोडायचा नाही. थंडी पडू लागली, खोकला छातीत उतरला, भाकरी तशीच परत येऊ लागली. प्रल्हादची बायको सुनीता. सासऱ्यापुढं गळा मोठा करायची त्यांच्यात रीत नाही, नाहीतर ओ तिनंच दिली असती. ती मला म्हणाली, "भाऊजी, तुमीच काही करा. एक माणूस डोंगरावर बसला तो उठला न्हाई. आता हे बी बसतील."

मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी तांड्यावर गेलो आणि गुरांमागं माळावर उभा राहिलो. हाक आली. मी ओ दिली. ती अर्धीच निघाली. मग लहानपणीच्या त्या ओरड्याची वाट पाहिली. काही आलं नाही. गुरं घेऊन बांधापाशी पोचलो तेव्हा काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "गळा त्याचा न्हाई."

"न्हाई, काका."

त्यांनी काठी उचलली. "पण ओ आली. चल, भाकर खाऊ."

आता मी रोज जातो. काका जेवतात, खोकला कमी आहे, सुनीताचा जीव जरा खाली पडला आहे. रविवारी मात्र माझी ओ झाल्यावरही ते बांध सोडत नाहीत. हात वर करून मला गप्प राहायला सांगतात. "थांब," म्हणतात, "एक अजून यायची हाये." मीही थांबतो. बैलाच्या गळ्यातली घंटी मुठीत धरून ठेवतो, वाजू नये म्हणून.