चांद्याच्या मैफलीतली झील

आमच्या चांद्यात त्या हिवाळ्यात जे संगीत संमेलन भरलं, त्याला गावातले निम्मे लोक आधीपासूनच खिचडी म्हणत होते. भरवणारी मंडळी म्हणजे तीन-चार वकील आणि मास्तर. त्यांनी ठरवलं होतं की उत्तरेचं आणि दक्षिणेचं गाणं एकाच मंचावर, एकाच बैठकीत ऐकवायचं. गाणारी बाई हिंदुस्थानी पद्धतीची, आणि तिच्याबरोबर गोदावरीपलीकडून आलेले एक म्हातारे व्हायोलिनवादक. एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला मृदंग. शिवाय बैठक दिवसाची, म्हणजे सकाळचे राग सकाळीच कानावर पडतील. असं काही आमच्याकडे कुणी केलं नव्हतं.

आमचे हेडमास्तर त्या मंडळींपैकी एक. मी मॅट्रिकला असताना त्यांनी मला आपल्या ओसरीवर राहायला जागा दिली होती, आणि बी.ए. होऊन आल्यावर आपल्याच शाळेत घेतलं होतं. आमच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे मंडपात सतरंज्या अंथरण्याचं काम त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मला तो मानच वाटला. त्यांना विचारून मी बाबांना गावाहून बोलावून घेतलं.

बाबांना बोलावण्याचं कारण वेगळं होतं. बाबा दंडारीत झील धरायचे. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गाण्या-नाचाचं नाटक. त्यात पुढे शाहीर उभा राहून ओळ म्हणतो आणि ओळीचा शेवट मोकळा सोडतो. मागचे झीलकरी तो शेवट उचलतात, लांबवतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो. बाबांनी उभ्या जन्मात पुढची ओळ कधी म्हटली नाही. त्यांचा शाहीर म्हणजे त्यांचा जोडीदार. दोघं एकाच डोंग्यात बसून तळ्यात जाळं टाकायचे आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत एकाच दंडारीत उभे राहायचे. त्या पावसाळ्यात तो जोडीदार तापानं गेला.

तेव्हापासून बाबा गायले नव्हते. दिवाळीनंतर दंडारीची माणसं घरी बोलवायला आली. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. आई सांगत होती की जाळं विणताना ते पूर्वी गुणगुणायचे, तेही आता बंद झालं आहे. घर मुकं झाल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. मला वाटलं, निदान चांगलं गाणं कानावर पडलं तर काही हलेल.

बाबा सिंदेवाहीहून छोट्या रेल्वेगाडीनं आले. खांद्यावर घोंगडी, हातात उकडलेल्या शिंगाड्यांचं गाठोडं. ते शिंगाडे हेडमास्तरांना द्यायचे म्हणून आणलेले. हेडमास्तरांनी ते तिथंच सोलून खाल्ले आणि बाबांना पुढच्या सतरंजीवर आपल्याजवळ बसवलं. बाबा चवड्यांवर, अंग चोरून बसले. मी मागच्या खांबाशी उभा राहिलो.

पहिला बराच वेळ बाबांचा चेहरा कोरा होता. बाई नुसताच 'आ' लावून गात होत्या, त्यात शब्द नव्हते. बाबा मधूनच मंडपाच्या कापडाकडे बघत. मला वाटलं, आपण त्यांना उगाच इतक्या लांब आणलं. मग व्हायोलिन सुरू झालं. बाई एक वळण गात आणि शेवट सोडून देत. म्हातारे बुवा तो शेवट तारांवर उचलून आपल्या पद्धतीनं पुढे नेत आणि परत बाईंच्या हाती देत. लोक मान डोलावू लागले. बाबांची पाठ हळूहळू ताठ झाली. ते मांडी घालून नीट बसले आणि त्यांचा उजवा हात कानाकडे गेला. झील धरतानाचा तो हात मी ओळखत होतो, पण मला सावध व्हायला उशीर झाला.

बुवांची एक तार उतरली होती. ते खाली वाकून खुंटी पिळत होते. बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी डोळे मिटून एक लांब जागा घेतली आणि नेहमीसारखा शेवट सोडला. तो कुणी उचलला नाही.

बाबांनी उचलला.

कानावर हात, मान वर, दंडारीत मैदानाच्या टोकापर्यंत पोचवायचा तोच मोकळा आवाज. सगळा मंडप वळून बघायला लागला. मागून कुणीतरी हसलं. माझ्याचसारखा एक स्वयंसेवक वाकत वाकत गेला आणि म्हणाला, "भाऊ, इथी गानं गावाचं नाई, आयकाचं हाये." बाई मात्र थांबल्या. तंबोरा छेडत राहिल्या, बाबांचा दम संपेपर्यंत वाट पाहिली, किंचित हसल्या आणि पुढे गायला लागल्या. बाबांनी डोळे उघडले, सगळीकडे पाहिलं, घोंगडी उचलली आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर पडले.

मी धावत मागे गेलो. ते कुणालाही न विचारता रामाळा तलावाकडे निघाले होते. ढिवराला पाणी कुठं आहे ते सांगावं लागत नाही. काठावर बायका कपडे धूत होत्या. बाबा एका दगडावर पाण्याकडे तोंड करून बसले. मी जवळ जाऊन बसलो.

मग म्हणाले, "तुह्या हेडमास्तरापुढं तुही लाज घालवली ना मी."

मी म्हटलं, हेडमास्तर काही बोलले नाहीत. ते खरं होतं. पुढे कधीतरी ते एवढंच म्हणाले की तुमच्या वडिलांचा सूर थोडा खाली होता, पण दम भारी.

"माह्या मनात नव्हतं," बाबा म्हणाले. "त्या बाईनं सोडला, अन् कोणी धरलाच नाई. खाली पडला असता थो." त्यांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. "त्याच्यासारखीच सोडते थे. दम पुरला की लगेच नाई सोडत. जरासा ठेवते, मंग सोडते."

जोडीदाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण पावसाळ्यापासून त्याच्याविषयी ते माझ्याजवळ पहिल्यांदाच बोलत होते. मी विचारलं, मग दंडारीत का नाही जात? दुसरा शाहीर आहे ना?

"थो पोरगा ओळ तोडून टाकते. धरायले काही ठेवतच नाई." मग म्हणाले, "अन् झील एकट्यानं नाई धरता येत, बापू. कोणीतरी पुढं पाह्यजे."

मला पुढचं काय सुचलं ते आजही नीट सांगता येत नाही. मी म्हणालो, "मी म्हणतो. तुमी धरा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "तू? तुहा गळा आयकून तळ्यातले मासे नदीत जातीन."

गळा खरोखरच वाईट होता. एकही लावणी, एकही गवळण मला पाठ नव्हती. शाळेनं मला बरंच काही दिलं होतं, पण गाणं म्हणून माझ्याजवळ सकाळची प्रार्थना तेवढी होती. मी उभा राहिलो. बसून म्हणायची सवय नव्हती. पोरांपुढे म्हणतो तशी पहिली ओळ म्हटली आणि गप्प झालो. कपडे धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

बाबांनी काही धरलं नाही. त्यांनी मान हलवली.

"थो पोरगा तोडते तशीच तोडली तू. कावून घाई करून राह्यला? शेवटाले ठेव जरासा. मी हावो ना मांगं."

मी परत सुरुवात केली. आवाज मध्येच फाटला, तरी शेवटचं अक्षर होतं तसं धरून ठेवलं आणि मग सोडलं. बाबांचा हात कानाकडे गेला.