एका कानात पुस्तक, एका कानात पंप

आमच्या ह्यांच्यासारखा भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात आणि मला हाका मारतात. आणि अशा माणसाची नोकरी कुठे, तर एका उंच इमारतीच्या तळघराच्याही खाली, पंपघरात! जमिनीतून झिरपणारं पाणी तिथे सतत साचतं आणि पंप ते बाहेर फेकतात. पंपाचा आवाज बदलला की तो बंद करून दुसरा चालू करायचा, म्हणून तिथे कायम एक माणूस लागतो.

एकदा तिथले दिवे गेले, पंपही थांबले. मिट्ट काळोखात पाणी घोट्यापर्यंत चढलं. दिवे आले, पाणी ओसरलं, पण ह्यांच्या अंगात शिरलेली भीती काही गेली नाही. भिंतीला पाठ टेकून बसले तरी मागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. शेवटी मीच उपाय काढला, मोबाईलवर ऐकायची पुस्तकं. डाव्या कानात पुस्तक, उजवा कान पंपासाठी मोकळा. सोबतीला कोणी बोलतंय म्हटल्यावर गडी निभावून न्यायला लागला.

आणि एक दिवस भरदुपारी हे दारात उभे. बूट ओले, ओठ पांढरे. मी शिलाई मशीन थांबवलं.

"बंद पडलं गं."

"पंप?"

"पुस्तक! वाक्य अर्ध्यावर तोडलं आणि म्हणे, इंटरनेट जोडा, पुस्तक तुमचंच आहे का ते तपासायचंय. खाली कुठलं आलंय नेटवर्क? मला काही सुचेना. पळत सुटलो."

पंप वाऱ्यावर सोडून आलेला माणूस मुकादमाने वरच गाठला होता. पुन्हा जागा सोडलीत तर दुसरा माणूस बघतो, असं स्पष्ट सांगून दोन दिवस घरी धाडलं होतं.

माझं डोकंच फिरलं. विकत घेतलेलं, फोनमध्ये उतरवून ठेवलेलं पुस्तक, आणि किल्ली म्हणे विकणाऱ्या कंपनीच्या कमरेला! रागाच्या भरात दुसऱ्या दुकानातून दुसरं पुस्तक घेतलं. जुन्या फोनवरही ठेवावं म्हणून फाईल शोधायला गेले तर फाईलच दिसेना. तेही त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाजणारं, अधूनमधून नेटवर हजेरी मागणारं. घ्यायच्या आधी बघायला हवं होतं. नेटवर चोरीची पुस्तकं चिकार दिसली, पण ती नुसती दाखवली तरी ह्यांचं सुरू, "पोलीस आले म्हणजे?"

एका छोट्या प्रकाशकाच्या वेबसाइटवर मात्र लिहिलं होतं, आमच्या पुस्तकांना कुलूप नाही, फाईल उतरवा आणि कुठेही ऐका. माझा विश्वास बसेना. फोनच लावला.

"साधी एमपीथ्री आहे, ताई," पलीकडची बाई म्हणाली. "उद्या आमचं दुकान बंद झालं तरी तुमचं पुस्तक वाजेल."

घेतलं. सिम काढलं, वायफाय बंद केलं, जुन्या फोनवरही चढवलं. दोन्हीकडे वाजलं. तरी मी पुन्हा पुन्हा लावून बघत होते. पुन्हा बंद पडलं तर नोकरी जाणार, हे होतंच. पण त्याआधी हा माणूस तिथे खाली एकटा असणार, त्याची मला जास्त भीती वाटत होती.

सकाळी हे दारात घुटमळले.

"बंद पडलं तर?"

"नाही पडणार."

"पण पडलं तर?"

"अहो, जा म्हटलं ना!"

दार लावलं आणि मी मशीनवर बसले. दिवसभर एक टाका सरळ पडला नाही. बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. खाली फोन लागत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठून दार उघडायचे. हेच आले असतील, वेळेआधी.

हे आले ते नेहमीच्या वेळेला. खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

"वाजलं ना शेवटपर्यंत?"

"नाही."

मी फोन मागायला हात पुढे केला.

"पुस्तक ठीक होतं गं. ह्या कानातल्या इअरफोनची बॅटरी संपली. गेल्या गेल्याच. आणि फोनवर मोठ्याने लावलं की पंप ऐकू येईना."

"मग? वर आलात?"

"नाही. बसलो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. घाम फुटला होता. पण पुस्तक खिशात होतं, ते कोणी काढून घेणार नव्हतं. म्हटलं, बसू."

डाव्या कानातलं अजून कानातच होतं. ते त्यांनी काढलं आणि चार्जिंगला लावलं.